शहरवाल्यांचं परसों

तव्हा त्या घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे पुढं घोळ व्हायचा न्हाई. मामंजी व्हते, म्हंजे माझे सासरे. आत्याबाई, माझी सासू. धाकटा दीर, त्याला मी भाऊजी म्हणायची. आमचे मालक. मी. गोठ्यात बैलं आन एक म्हैस, तिलाबी धरा, कारण पुढं तिचं काम हाय. आन गोठ्याच्या माळवदावर शहरवाले. यातलं आता मी एकटीच हाय.

मालकाचं नाव लिहू नको असं मी नातीला सांगितलंय. ती लिहून राह्यली, मी सांगून राह्यले. शाळा मी पाह्यली न्हाई. म्हातारपणी गावात वर्ग निघाला तव्हा सही शिकले, तितकंच. मालकाचं नाव मी जन्मात एका म्हशीपुढं आन एका परक्या माणसापुढं घेतलं. ते कसं ते यीलच.

गाव आमचं अंबडच्या रस्त्याला. राज्य निजामाचं. जालन्याचं टेशन बैलगाडीनं सकाळी निघालं की दुपार कलायच्या आत यायचं.

शहरवाल्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक न्हवतं. इचारलं तर म्हणायचे, "नाव शहरात राह्यलं." जात इचारली तरी तेच. अंगात काळी शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, वैशाखात बी. दोन्ही कोपरांवर ठिगळ. डोक्यावर तांबडी तुर्की टोपी, तिचा गोंडा आमच्या म्हशीनं खाल्ला व्हता. त्यावरून त्यांनी म्हशीला एक शब्द वाकडा बोलला न्हाई. ते कुणालाच अरेतुरे करीत न्हवते. पाटलाला आप, झाडणाऱ्याला आप, नागड्या लेकराला आप. म्हशीला म्हणायचे, "बेगम, आप जरा सरकिए." आत्याबाई म्हणायच्या, "बाई गं, या म्हशीला जितका मान हाय तितका मला उभ्या जन्मात मिळाला न्हाई."

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वसरीत बसवलं व्हतं मला, डोळ्यावर पदर. गावातल्या बाया येऊन तोंड बघून चालल्या व्हत्या. तितक्यात हे सूप घेऊन आले. माझ्यासमोर बसले न म्हणले, "आप नये आए? चलो, मुलुख समझ लो."

मी घाबरले. आत्याबाई म्हणल्या, "घाबरू नको गं. नवं माणूस दिसलं की त्यांना असं होतं. सगळ्यांनाच दाखवतात. बैल इकायला आल्ता त्याला बी दाखवलं."

सूप शेणानं चांगलं सारवलेलं. त्याच्या वरच्या डाव्या अंगाला त्यांनी मूठभर जवारी टाकली. "हे आपलं. माती काळी. पाऊस आला तर आला, न्हाई तर वाट बघायची. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की कोंबडीचं पिल्लू आत जातं." उजव्या अंगाला तांदूळ टाकला. "हा तेलंगाणा. माती तांबडी. दगड हे एवढाले, एकावर एक, जसे कुणी रचून ठेवलेत. तळी लई. भात खातात." खालच्या अंगाला तुरीचे दाणे. "हा कानडी मुलुख. तूर चांगली, ऊन त्याच्याहून चांगलं." मंग खिशातून गुळाचा खडा काढला, तो तांदळाच्या कडेला ठेवला. "आन हे शहर. हैदराबाद."

आन वाट बघत बसले. मला वाटलं झालं, तर ते उठंचनात. थोड्या येळानं मुंग्या आल्या. एक जवारीतून आली, एक तांदळातून, एक तुरीवरून चढली. एक मोठी काळी मुंगी सुपाच्या बाहेरून आली.

"देखो," शहरवाले म्हणले. "ही काळी अरबस्तानातून आली. ती पारशाची. ती लहानी मारवाड्याची. कुणी कुणाला बोलावलं न्हाई. गूळ हाय म्हणून आल्या. आता एकमेकीच्या अंगावरून चालून राह्यल्या, पण चावत न्हाईत. समझे आप?"

मी मान हलवली. मला समजलं ते इतकंच, की हैदराबादेत मुंग्या लई हायेत.

त्यांची दुसरी खोड म्हंजे उंच जागा. कुठं बी गेले की आधी इचारायचे, "इथलं उंच काय?" लग्नाला गेले तरी. बसायचे तर चौथऱ्यावर, झोपायचे तर माळवदावर. पावसाळ्यात घोंगडी पांघरून माळवदावरच. आत या म्हणलं तर म्हणायचे, "नक्को." हे नक्को आपलंच नको हाय. शहरात जाऊन जाड होऊन आलंय.

एकदा भाऊजीनं चेष्टा केली. म्हणला, "शहरात नदी हाय म्हणता, मंग ती सुपात कुठंय?" आन तांब्यातलं पाणी सुपात ओतलं. सगळे दाणे एका जागी गोळा झाले, गूळ इरघळला, मुंग्या पाण्यावर तरंगल्या. शहरवाल्यांनी बोटावर एक एक मुंगी उचलून भिंतीला लावली, आन शिडी चढून वर गेले. जेवायला बी खाली आले न्हाई. मामंजीनं भाऊजीच्या थोबाडीत दिली. तव्हापासून सुपात नदी कुणी दाखवली न्हाई.

त्याचं कारण सांगायचं तर ते गावात आले ती गोष्ट सांगावी लागंल. ते मी पाह्यलं न्हाई, माझ्या लग्नाआधीचं हाय. आत्याबाईनं सांगितलं.

उन्हाळ्यात जालन्याच्या बाजूनं पायी आले. पारावर बसले. मामंजीनं पाणी दिलं न इचारलं, "कोण गाव?"

"हैदराबाद."

"घरची माणसं?"

"गुजर गए. बीवी, बच्चे, अम्मा. सब."

"अरे देवा! कव्हा?"

"परसों."

आता आमच्या गावाला परसों म्हंजे परवा. दुसरं काय असणार? सगळं गाव हळहळलं. परवा बायकापोरं गेली आन हा बिचारा आज पायी फिरून राह्यला, डोकं ठिकाणावर न्हाई. सुतकाच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारपाजारचे भाकर आणून देतात. याला तर घरच न्हवतं. मंग सगळ्या गावानं पाळी लावली. आज या घरची भाकर, उद्या त्या घरची. ते म्हणायचे, "इतना कायकू?" बाया म्हणायच्या, "असू द्या बाबा, खा. बोलू नका." ते खायचे. त्यांना वाटलं या गावाची रीतच असंल.

दहाव्याला न्हावी आला. धोकटी उघडून म्हणला, "बसा."

"किस वास्ते?"

"आज दहावा न्हाई का?"

"किसका दहावा?"

"अहो तुमच्या माणसांचा! आले तव्हा म्हणले ना, परवा गेले?"

मंग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या शहराची बोली अशी, की काल म्हंजे काल, आन कालच्या मागचं जे काही असंल, महिन्याचं, सालाचं, सगळ्या जन्माचं, ते सगळं परसों. मूसी नदीला मोठा पूर आल्ता, त्याला चांगली बारा-पंधरा वर्षं झाल्ती. हे नदीकाठच्या सराईत कामाला व्हते. नवे मुसाफिर आले की त्यांना जागा दाखवायची, कोणता बाजार कुठं, कोणत्या गल्लीत कोण राहतं, ते सांगायचं. पाणी आलं तव्हा हे मुसाफिराला वरच्या मजल्यावरची खोली दाखवत व्हते. घर खाली काठावर. घरच्यांनी चिंचेचं झाड धरलं व्हतं म्हणे. झाड राह्यलं.

मामंजीचं तोंड तांबडं झालं. "म्हंजे पंधरा वर्षांच्या सुतकाच्या भाकरी खाल्ल्या व्हय आमच्या?" पारावरचे काहीजण हसायला बी लागले.

शहरवाल्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली न न्हाव्यापुढं बसले. "करो," म्हणले. "उस वक्त कोई पूछनेवालाच नहीं था."

मंग कुणी हसलं न्हाई. न्हाव्यानं डोकं केलं. मामंजीनं सोताच्या हातानं डोक्यावर पाणी घातलं, आन घरी घेऊन आले. दारात उभं राहून शहरवाल्यांनी इचारलं, "इथलं उंच काय?" तव्हापासून गोठ्याचं माळवद त्यांचं.

आता माझं सांगते.

माझ्या लग्नानंतर एका साली पेरल्यावर पाऊस आलाच न्हाई. पेरलेलं उगवलं न जळालं. जालन्याहून खबर आली की हैदराबादेच्या वरच्या अंगाला नदीला मोठा बांध घालून राह्यलेत, पुन्हा पूर यायला नको म्हणून, आन माणसं पाहिजेत. गावातली काही माणसं निघाली. आमचे मालक बी निघाले.

शहरवाल्यांना इतका आनंद झालेला मी कव्हाच पाह्यला न्हाई. शिडीवरून घाईघाईनं उतरले. "मेरी नदी को बांध! हौ?" मालकाला पुढ्यात बसवून सूप मांडलं, सगळा मुलुख पुन्हा समजावला. कुठं उतरायचं, कुणाला काय म्हणायचं. निघताना मालकाचे दोन्ही हात धरले न म्हणले, "बराबर बांधना." जसं काही आमचे मालक एकटेच बांधणार व्हते. मालक हसले. मला दारातून म्हणले, "पेरणीला येतो."

पेरणी आली. मालक आले न्हाई. संगं गेलेली माणसं दुसऱ्या कामावर पांगली, त्यांचा बी पत्ता न्हाई. दिवाळी झाली. मंग उन्हाळा. आत्याबाई म्हणायला लागल्या, "बसला असंल कुणाच्या घरी तिकडं."

मला लेकरू न्हवतं. माहेरी एक भाऊ, त्यानं निरोप धाडला व्हता की नवऱ्यासंगं आली तर ये, एकटी येऊ नको. मामंजीनं एक दिवस वसरीत बसून सांगितलं, "शहरात जाऊन बघायचं. असंल तर घेऊन यायचं. नसंल तर पोरीचा पाट धाकट्याशी लावायचा. पर जिता का मेला ते कळल्याबिगर पाट कसा लावायचा? न असं किती दिवस ठेवायचं तिला?"

मी आतून आत्याबाईला म्हणलं, "मला बी येऊ द्या म्हणावं." मामंजीला मराठीबिगर काही येत न्हवतं. मला शहरवाल्यांनी शिकवलेलं येत व्हतं. त्यांना चला म्हणलं तर म्हणले, "नक्को. मैं नदी पार नहीं करता." पण निघायच्या आधी मला त्यांनी बसवलं.

"आधी नाव घ्या."

"कुणाचं?"

"आपके मियां का."

मी पदर तोंडात धरला. म्हणलं, "मालक म्हणीन ना."

"तिथं कोणता मालक समजायचा? तिथं हर बाई आपल्या मालकालाच ढूंढून राह्यली असंल."

"मामंजी घेतील नाव."

"मामंजीची गोष्ट तिथं कोण समजंल? आप बोलो. इधर आओ." गोठ्यात नेलं, म्हशीपुढं उभं केलं. "बेगम को बोलो. ये किसीको बतानेवाली न्हाई." आन सोता बाहेर जाऊन पाठ करून उभे राह्यले.

मी म्हशीच्या कानाशी मालकाचं नाव घेतलं. म्हशीनं कान हलवला. मला इतकं कसंतरी झालं की मी तिच्या मानेला धरून उभी राह्यले. मंग अजून एकदा घेतलं. मंग जमायला लागलं.

मंग बाकीचं शिकवलं. पारशाला साहेबजी म्हणायचं. मारवाड्याला राम राम, अरबाला सलाम, पण जरा लांबून, कंबरेला सुरा असतो. तेलंगी बाईला अम्मा. पाणी म्हणलं तर सगळ्यांनाच कळतं, पण नीळ्ळु म्हणलं तर गार देतात. दुपारी उन्हातून चालायचं न्हाई, आन दिवस बुडाला तरी तिथल्या खडकावर बसायचं न्हाई, लई येळ तापलेला राहतो. पोचल्यावर एखादी उंच जागा बघून ठेवायची.

सगळ्यात शेवटी म्हणले, "आन कोणी परसों म्हणलं, तर खुश होऊ नका. इचारा, कौनसे परसों." मंग म्हणले, "तुमच्या गावानं मला इचारलं न्हाई, ते बरं केलं. पण तिथं तुम्ही इचारा."

गाडीत बसले न मला वाटलं आपुन सुपातून चाललो. परभणीपर्यंत जवारीच जवारी, काळी वावरं उघडी पडलेली. नांदेड गेलं, गोदावरीचा पूल आला, लोकांनी त्यात पैसे टाकले. पुढं माती बदलली. मामंजी खिडकीतून बघून म्हणले, "या मातीला रगत लागलंय का काय?" मंग ते दगड आले, एकावर एक. तळी आली. मी म्हणलं, "मामंजी, तांदूळ लागला." ते माझ्याकडं बघत राह्यले, त्यांना वाटलं पोरीला ऊन लागलं.

शहरवाल्यांनी नामपल्लीला उतरायचं सांगितलं व्हतं. आमची गाडी काचीगुड्याला थांबली. त्यांच्या शहरात हे टेशनच न्हवतं. तिथून माझं अर्धं शिकलेलं वाया गेलं. सराई इचारली तर कुणाला ठाऊक न्हाई. नदीकाठी घरं सांगितली व्हती, तिथं दगडाची भिंत न बाग. पण माणसं मातर त्यांनी सांगितल्यासारखीच. हबशी पाह्यला, काळाभोर, घोड्यावर. डोक्याला रुमाल बांधलेली गोरी पारशीण पाह्यली. मोगऱ्याच्या गजऱ्यावाल्या तेलंगी बाया, कंबरेला सुरा लावलेला अरब केळी घेत व्हता. समदे एकमेकाला ढकलून चाललेले, न कुणी कुणाकडं बघत बी न्हवतं. मामंजीनं माझ्या पदराचं टोक हातात धरलं व्हतं, मी हरवू नये म्हणून का ते हरवू नये म्हणून, काय माहीत. म्हणले, "यातून आपली मुंगी कशी सापडायची?" म्हंजे त्यांनी बी सूप ध्यानात ठेवलं व्हतं.

सुलतान बाजारात मराठी माणसं भेटली. त्यांनी बांधाच्या कामाचा रस्ता सांगितला, एका गाडीवाल्याला बोलून दिलं. शहर मागं राह्यलं, खडकातून रस्ता. आन मंग बांध दिसला.

कामावरची माणसं दुपारची बसली व्हती. आमच्याकडची कुणीच न्हवती. एक म्हातारा भिश्ती पाठीवर कातड्याची पखाल घेऊन पाणी पाजत फिरत व्हता. मी त्याच्यासमोर गेले. डोळे मिटले, म्हैस डोळ्यापुढं आणली, न मालकाचं नाव घेतलं. गावाचं नाव बी सांगितलं. जालना, अंबड.

"अरे वो!" भिश्ती हसला. "वो जालनेवाला! वो तो परसों यहींच था. मेरेकू बोला, चाचा, और एक ओंजळ डालो."

मामंजीला परसों तेवढं कळलं. ते मटकन खाली बसले न भाकरीचं फडकं सोडायला लागले. "हाय बग! हाय! परवा इथंच व्हता. येईल आता येळ झाला की. बस पोरी, बस. खाऊन घे." आन भिश्त्याला सुद्धा अर्धी भाकर पुढं केली.

मला बी बसावं वाटलं. खरं सांगते, बसून ती भाकर खावी, न संध्याकाळपर्यंत काही इचारू नये, असं वाटलं. उभीच राह्यले.

"चाचा," म्हणलं. "कौनसे परसों?"

भिश्ती म्हणला, "कौनसे...?" न बांधाकडं बघायला लागला, जसं त्याच्यावर लिहिलंय. "वो उधर की दीवार नहीं उठी थी, तब का. पिछले साल का. बुखार आया ना, उसके पहले का परसों." बोलता बोलता त्याचं त्यालाच ध्यानात आलं. त्यानं पखाल खाली ठेवली. "बेटी, फिर वो बुखार में..."

मामंजी माझ्या तोंडाकडं बघून राह्यले. हातात भाकरीचा तुकडा तसाच. मी सांगितलं, "मामंजी, परवा न्हाई. मागच्या साली. ताप आल्ता."

जागा दाखवली त्यानं. बांधाच्या पल्याड, दगडं मांडलेली. लई जणांची व्हती. कोणतं आमचं ते त्याला बी सांगता आलं न्हाई. आम्ही पेरणीला वाट बघून राह्यलो व्हतो, त्याच्या आधीच ते गेल्ते. मी तिथं रडले न्हाई. बांध बघितला. लई उंच व्हता, सूत लावल्यासारखा सरळ. बराबर बांधला व्हता.

परत येताना नदीवर चिंचेचं एक जुनं झाड दिसलं, भिंतीच्या आतल्या अंगाला. तेच का दुसरं, काय माहीत. मी हात लावला. मामंजीनं बी लावला, मी न सांगता.

घरी आलो. शहरवाले शिडीच्या वरच्या पायरीवर बसले व्हते. मी खालून म्हणलं, "बांधावर ताप आल्ता." ते तसेच वर गेले.

मामंजीनं भटजीला बोलावलं. भटजी म्हणले, "वरीस उलटून गेलंय. आता सुतक काही लागत न्हाई. सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळ करा, मोकळे."

मामंजी म्हणले, "मंग बरं. पेरणी तोंडावर हाय." आत्याबाईनं पाणी तापायला ठेवलं. एक बाई माझ्या बांगड्या फोडायला आली. आन तिकडं वसरीत भटजीसमोरच पाटाचं बोलणं निघालं, कोणत्या महिन्यात जमंल. मी आत बसून ऐकून राह्यले. ते वाईट माणसं न्हवती. घरात हात कमी व्हते. पण मला वाटलं, तांब्याभर पाणी डोक्यावर पडंल, न त्यासंगं तो माणूस वाहून जाईल. मंग तो व्हता, हे बी कुणी म्हणायचं न्हाई.

शिडी वाजली. शहरवाले उतरले. डोक्यावर टोपी न्हवती, हातात व्हती. वसरीच्या समोर येऊन उभे राह्यले.

"इनका आदमी परसों गया," म्हणले.

भटजी म्हणले, "परवा कुठं बाबा? वरीस झालं म्हणून सांगून राह्यलो ना!"

"हौ. वहीच बोला मैं. परसों."

"अहो, तुमचं परसों वेगळं, शास्त्राचं..."

"परसों," शहरवाले म्हणले. आवाज चढवला न्हाई.

मामंजी त्यांच्याकडं बघून राह्यले. त्यांना तो न्हावी आठवला असंल, त्यांनी सोता घातलेलं पाणी आठवलं असंल, मला काय माहीत. मंग आत तोंड करून म्हणले, "चूल इझवा."

आत्याबाई म्हणल्या, "आं?"

"चूल इझवा म्हणलं. पोरगं परवा गेलंय."

आत्याबाईनं चुलीतली लाकडं ओढली, त्यावर तेच अंघोळीचं पाणी ओतलं. आन तिथंच राखेत बसल्या न मोठ्यानं रडल्या. इतक्या दिवसात त्या एकदा बी रडल्या न्हवत्या, नुसत्या कुणाच्या घरी बसला असंल म्हणून शिव्या घालायच्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मंग मला बी आलं.

शहरवाले गावात गेले. दर दारात उभं राहून एकच सांगितलं, "इनका आदमी परसों गया." गावाला ठाऊक न्हवतं असं न्हाई. समदं ठाऊक व्हतं. तरी दिवस बुडायच्या आत पहिली भाकर आली, वर मिरचीचा ठेचा. पाटलीण घेऊन आली. म्हणली, "खा गं. बोलू नको." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरची आली. दहा दिवस. कुणी मला वावरात ये म्हणलं न्हाई, कुणी पाटाचं नाव काढलं न्हाई.

ते दहाही दिवस शहरवाले खाली झोपले. वसरीच्या बाहेर, भुईवर. मधी एकदा पाऊस आला, अंगणातून पाणी वाहिलं, त्यांची घोंगडी भिजली. मी दारातून म्हणलं, "वर जा ना." म्हणले, "नक्को. आज मैं इधरच हूं."

पुढल्या साली भाऊजीसंगं पाट लागला. माणूस चांगला निघाला. लेकरं झाली, त्यातल्या एकाला मालकाचं नाव ठेवलं, म्हणून त्याला मी आयुष्यभर बाळू म्हणले. शहरवाल्यांनी त्या समद्यांना सूप दाखवलं. पुढं राज्यात गडबड सुरू झाली. लोक येऊन इचारायचे, हा टोपीवाला तुमच्या घरात कोण? हा आपला का त्यांचा? मामंजी तव्हा थकले व्हते, बाजेवरून म्हणायचे, "माळवदावरचा हाय."

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या पावसाळ्यात ते वारले. माळवदावरच, घोंगडीत. आता याला जाळायचं का पुरायचं, गाव गोळा झालं. न्हाव्याचा पोरगा म्हणला, "गोसाव्याला बी पुरतात न मुसलमानाला बी पुरतात, मंग काय अडचण हाय?" कुणाला काही अडचण न्हवती. एकानं इतकंच इचारलं, कुठं? आत्याबाई म्हणल्या, "इथलं उंच काय?" मंग गावामागच्या टेकाडावर नेलं. दहा दिवस घरात चूल पेटवली न्हाई आम्ही. तव्हा भटजीला इचारलं बी न्हाई.

पुढं ते सूपच मोडलं. जवारी इकडं राह्यली, तूर कानड्यात गेली, तांदूळ तिकडं. गुळाचा खडा तांदळाबरोबर गेला. बरं झालं त्यांना बघायला लागलं न्हाई.

मी त्यानंतर शहरात गेले न्हाई. आता गुडघे गेले. म्हणून जो कोणी हे वाचत असंल त्याला इतकंच मागते. कव्हा हैदराबादेला जाणं झालं, तर नदीच्या काठी एखादं जुनं चिंचेचं झाड बघा. त्याच्या बुडाशी गुळाचा एक खडा ठेवा न जरा थांबा, मुंग्या येईपर्यंत. शहरवाल्यांच्या बायकोची, लेकरांची, अम्माची नावं मला ठाऊक न्हाईत. कोणाच्या नावानं ठेवून राह्यले म्हणून कुणी इचारलं, तर म्हणा, आमची माणसं हायेत, परसों गेली.